पावसाळ्यात राउटर चालू ठेवायचाय : मिनी यूपीएस, पॉवर बँक की सरळ इन्व्हर्टर?

सुपारीबाग (१२ मे)

नमस्कार. मी दापोली तालुक्यात समुद्राकडच्या एका वाडीत राहते. पुण्यातल्या दोन दुकानदारांचे आणि एका औषधांच्या होलसेलवाल्यांचे हिशेब घरबसल्या लिहिते. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्यांच्या पुण्यातल्या कॉम्प्युटरवर असते, मी इथून नेटवरून त्या कॉम्प्युटरला जोडून घेते. त्यामुळे नेट तुटलं की अर्धी भरलेली एंट्री तशीच लटकते, पुन्हा जोडणी होईपर्यंत तिकडचा माणूस फोनवर ताटकळत बसतो. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, ही जीएसटीची दोन रिटर्न, भरायची असतात. ३बी एक दिवस उशिरा गेला तरी रोजचे ५० रुपये लागतात, आणि ते पैसे दुकानदाराने भरावेत असं मला कधीच वाटत नाही.

घरी फायबर आहे. भिंतीवर एकच पांढरा डबा, तोच राउटर. त्याच्या ॲडाप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय. लॅपटॉपची बॅटरी साडेतीन तास चालते, त्याची चिंता नाही.

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर मी कालनिर्णयच्या चौकोनांत लाईट गेल्याच्या वेळा लिहून ठेवल्या. चार महिन्यांत ६१ वेळा गेली. त्यातल्या ३८ वेळा दहा मिनिटांच्या आत परत आली, १५ वेळा दोन तासांपर्यंत गेली, सहा वेळा दोन ते पाच तास. आणि दोनदा डीपीवर झाड पडल्यामुळे दीड-दीड दिवस अंधार. निसर्ग वादळाची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला आमच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या तेव्हा वाडीत कितीतरी दिवस लाईट नव्हती, मोबाईलचे टॉवरही बंद होते. तेवढ्यासाठी कुठलंच यंत्र पुरणार नाही हे मला कळतं. पण त्या ३८ वेळा मला छळतात. लाईट दोन सेकंद जाते, राउटर बंद पडतो, पुन्हा सुरू होऊन नेट पकडायला तीन मिनिटं घेतो. दिवसातून चार वेळा असं झालं की डोकं ठिकाणावर राहत नाही.

संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर १६५-१७० दिसतं.

अजून एक. सासूबाईंना दमा आहे. नेब्युलायझर लाईटवरचा आहे. पावसाळ्यात ओल आली की रात्री-अपरात्री लागतो.

दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर घ्या, सगळे प्रश्न सुटतील, २४ हजार. भाचा म्हणतो मिनी यूपीएस घे, म्हणजे प्लग आणि राउटरच्या मधे बसणारा छोटा बॅटरीचा डबा, दीड-दोन हजारांत काम होतं. घरात २०,००० एमएएचची पॉवर बँक आहेच, ती वापरता येईल का? तीन हजार मी आज खर्च करू शकते. चोवीस हजारही उभे करता येतील, पण मग कौलं परतून घ्यायचं काम पुढच्या वर्षावर जाईल, आणि माजघरात दोन ठिकाणी गळतंय. म्हणून विचार करून विचारतेय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

---

खेडचा वायरमन (१२ मे)

ताई, नोंदी ठेवल्यात हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे येणारी माणसं "लाईट खूप जाते" एवढंच सांगतात, मग त्यांना काय द्यायचं हे मला अंदाजाने ठरवावं लागतं.

आधी इन्व्हर्टरचं सांगतो, कारण मी ते बसवतो आणि विकतोही. तुमच्याकडे १६५ व्होल्ट येतं ना, तिथेच मेख आहे. इन्व्हर्टरला मागे एक खटका असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. यूपीएस मोडवर लाईट गेली की तो इतक्या पटकन बॅटरीवर येतो की राउटरला कळतही नाही. पण त्या मोडला साधारण १८० च्या खालचं व्होल्टेज चालत नाही. १६५ आलं की लाईट असूनसुद्धा तो लाईट गेली असं समजतो आणि बॅटरी खायला लागतो. केळशीकडच्या एका घरी हेच झालं. रोज संध्याकाळी सहा ते दहा बॅटरीवर, आणि खरी लाईट गेली तेव्हा बॅटरीत जीव नाही. खटका नॉर्मलवर टाकला की तो शंभर-एकशेदहा व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो, पण पलटी मारायला जास्त वेळ लावतो. त्यात काही राउटर टिकतात, काही बंद पडतात. म्हणजे ३८ वेळांचा तुमचा त्रास २४ हजार घालूनही राहू शकतो.

दुसरं, इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॉट-तास. तुमचा राउटर सात-आठ वॉट खातो. पण इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच पंधरा-वीस वॉट खातो. राउटरच्या दुप्पट तो स्वतः खाणार. तरी दीड दिवस चालेल, खोटं सांगणार नाही. पण एवढी मोठी बॅटरी एवढ्याशा कामाला बांधून ठेवायची, तीन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि पडक्या व्होल्टेजवर ती पुरी चार्ज होत नाही. अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते.

पंखे, दिवे, टीव्ही चालवायचे असतील तर जरूर घ्या. नुसत्या राउटरसाठी नको. कौलं परता.

मिनी यूपीएस घेताना मात्र तीन गोष्टी बघा. त्याला १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडाप्टर लावा. लोक राउटरचा जुना १ अँपिअरचाच लावतात. मग तो राउटरला पुरवू की आतले सेल भरू अशा ओढाताणीत पडतो, आणि सेल कधीच भरत नाहीत. दुसरं, पिनेचं भोक. बाहेरून सगळ्या पिना साडेपाच मिलिमीटरच्या दिसतात, आतलं भोक कुठे २.१ असतं, कुठे २.५. सैल बसली तर हात लागला की राउटर बंद. डब्यावर छापलेली गोल खूण पाहून मधली बाजू प्लस आहे ना हेही बघून घ्या. तिसरं महत्त्वाचं. काही स्वस्त मालात आतले तीन सेल सरळ जोडून बाहेर काढलेले असतात. भरलेले असताना साडेबारा व्होल्ट, उतरत उतरत नऊवर येतात. राउटर दहाच्या आसपास आचके द्यायला लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं राउटर खराब. शेवटपर्यंत १२ व्होल्ट देणाराच घ्या. दुकानदाराला मल्टीमीटर लावून दाखवायला सांगा, लाजू नका.

---

कोथरूडकर (१३ मे)

मी थोडं वेगळं सांगेन. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते तेव्हा तीन-चार तास सहज जातात. सुरुवातीला मीही राउटरला मिनी यूपीएस लावला होता. नेट चालू, लॅपटॉप चालू, पण मे महिन्यात पंख्याशिवाय मीटिंगला बसलो तेव्हा कळलं की काम माणूस करतो, राउटर नाही. मग इन्व्हर्टर घेतला. दोन पंखे, तीन दिवे, राउटर, सगळं त्यावर. आठ वर्षांत एकदा बॅटरी बदलली. आमच्याकडे व्होल्टेज नीट असतं हे मान्य, वायरमनदादांचा मुद्दा मला माहीत नव्हता.

ताई, तुम्ही पंख्याशिवाय बसू शकता का, एवढंच स्वतःला विचारा.

---

सुपारीबाग (१३ मे)

कोथरूडकर, प्रश्न बरोबर आहे. मी पडवीत बसते, तीन बाजूंनी उघडी आहे आणि पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याचा त्रास असतो तो उकाड्यापेक्षा जास्त. पंखा सप्टेंबर-ऑक्टोबरात लागेल, तेव्हा लाईट एवढी जात नाही. पण तुमच्या जागी मी असते तर इन्व्हर्टरच घेतला असता.

वायरमनदादा, खटक्याचं हे कोणत्याच दुकानात मला सांगितलं नाही. मनापासून आभार.

---

कुडाळचा फायबरवाला (१४ मे)

मी केबल जोडण्याचं काम करतो म्हणून एक बाजू राहिली आहे ती सांगतो. तुमच्या घरचा राउटर जिवंत ठेवलात तरी वरून नेट येतंय का?

फायबरच्या वाटेत खांबावर जे छोटे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही. काचेतून प्रकाश जातो, तेवढंच. पण तो प्रकाश जिथून निघतो ते यंत्र तुमच्या केबलवाल्याच्या खोलीत असतं आणि त्याला वीज लागते. त्याच्याकडे बॅटरी चार तासांची असेल तर तुमचं नेट चार तासच, तुम्ही घरात काहीही लावा. काही ठिकाणी तर अजून मध्येच कुणाच्या तरी दुकानात वा खांबावर विजेवर चालणारा डबा असतो. त्या दुकानाची लाईट गेली की पुढची सगळी वाडी बंद.

म्हणून पैसे घालायच्या आधी परीक्षा घ्या. तुमच्याकडे पॉवर बँक आहे म्हणालात. यूएसबीचे ५ व्होल्ट चढवून १२ करणारी वायर मिळते, दोन-अडीचशे रुपयांत. मधे छोटा डबा असतो. पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा ती लावून राउटर सुरू करा आणि एलओएस लिहिलेल्या दिव्याकडे बघा. लाल झाला तर प्रकाशच येत नाहीये, बॅकअपचे पैसे वाया. लाल नसेल तर किती वेळाने लाल होतो ते घड्याळ लावून लिहा. तुम्हाला लिहायची सवय आहेच.

दुसरं विजांबद्दल. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण घरापर्यंत येणाऱ्या चपट्या काळ्या केबलीत ताणासाठी एक पोलादी तार असते. ती तार घराबाहेरच तोडून खुंटीला बांधायची असते, राउटरपर्यंत न्यायची नसते. तुमची आत आली आहे का बघा. आली असेल तर केबलवाल्याला सांगून कापून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि कडकडाट सुरू झाला की भिंतीतला प्लग सरळ उपटून टाका. मिनी यूपीएसचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. प्लग काढला तरी नेट चालू राहतं, त्यामुळे माणूस खरोखरच काढतो. नाहीतर "एवढं पाठवून होऊ दे" म्हणत राहतो आणि तेवढ्यात राउटर जळतो. दर वळवाला पाच-सहा जळलेले डबे माझ्याकडे येतात.

---

सुपारीबाग (२० मे)

परीक्षा घेतली. काल दुपारी २:२० ला लाईट गेली, ४:५० ला आली. पॉवर बँकेवर राउटर सुरू केला, एलओएसचा दिवा एकदाही लाल झाला नाही. केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला त्याच्याकडे साधारण अडीच-तीन तासांची बॅटरी आहे. म्हणजे मला घरात आठ तासांचं काही घेऊन उपयोगच नाही, तीन-साडेतीन तास पुरे.

पोलादी तार सरळ माजघरापर्यंत आली होती. कापून घेतली.

पॉवर बँकेचा अनुभव लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा. गुणाकार केला की ७४ वॉट-तास, बाहेर येईपर्यंत साठच्या आसपास. आठ वॉटच्या राउटरला सात तास तरी व्हायला हवेत. ताकद आहे. पण लाईट गेल्यावर उठून वायर बदलावी लागते, तोवर राउटर बंद पडलेला असतोच. चार्जिंगला लावून ठेवली आणि राउटरही तिच्यावरच ठेवला, तर लाईट जाताना आणि येताना माझी पॉवर बँक क्षणभर आउटपुट तोडते. दोन्ही वेळा राउटर पुन्हा सुरू झाला. पॉवर बँकेच्या दुसऱ्या यूएसबी तोंडात मोबाईल लावला तेव्हाही तसंच. म्हणजे ज्या ३८ वेळांसाठी हे सगळं चाललंय तिथे ती चालत नाही. लांबच्या अंधारात मोबाईलसाठी मात्र ती हवीच.

---

नागपूरची लेक (२१ मे)

ताई, नेब्युलायझरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या बाबांनाही दमा आहे.

मोठा, आवाज करणारा कंप्रेसरचा नेब्युलायझर शंभर वॉटच्या वर खातो आणि त्याला २३० व्होल्टच लागतात. मिनी यूपीएस किंवा पॉवर बँकेवर तो चालणार नाही. पण त्याच्यासाठी इन्व्हर्टर घेण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. जाळीचा नेब्युलायझर मिळतो, मुठीत मावतो, पेन्सिल सेलवर किंवा यूएसबीवर चालतो, आवाज नाही. बाबांसाठी आम्ही तो घेतला. वाईट बाजूही सांगते. जाळी फार नाजूक असते, प्रत्येक वेळी धुवावी लागते, आणि घट्टसर औषधाने ती बुजते. म्हणून सासूबाईंचं औषध त्यात चालतं का हे आधी विचारायचं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. डॉक्टरांनी आम्हाला दम्याच्या पंपाला (इनहेलरला) लावायचा स्पेसर दिला, प्लास्टिकची लांबट नळी. त्यातून पंप नीट घेता आला तर बऱ्याच वेळा नेब्युलायझरइतकंच काम होतं, आणि त्याला वीजच लागत नाही. बाबांना सवय व्हायला आठवडा लागला. आता रात्री लाईट गेली तरी घरात धावपळ होत नाही. मात्र श्वास जास्तच लागला तर घरी प्रयोग करत बसायचं नाही, हे आम्ही ठरवून ठेवलंय. जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे तेही ध्यानात ठेवा.

---

सुपारीबाग (३० जून)

सगळ्यांना काय झालं ते सांगायचं राहिलं होतं, म्हणून आज मुद्दाम बसले.

मिनी यूपीएस घेतला, २ अँपिअरच्या ॲडाप्टरसकट १,६५० रुपये. लेबलवर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) 'आर'ने सुरू होणारा नंबर होता, तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघितला, कंपनीचं नाव जुळलं. दुकानात मल्टीमीटर लावायला सांगितलं तेव्हा दुकानदार जरा नाराज झाला, पण लावला. १२.१ दाखवलं. आत २,६०० एमएएचचे चार सेल, म्हणजे साडेअडतीस वॉट-तास. घरी प्लग काढून राउटर बंद पडेपर्यंत चालवला तर ३ तास ५० मिनिटं टिकला. केबलवाल्याच्या बॅटरीपेक्षा थोडा जास्तच, मला हवा होता तेवढा.

डबा सतत कोमट असतो. आधी लाकडी फळीवर, पडद्याजवळ ठेवला होता. मग वाटलं हा चोवीस तास भरलेल्या सेलांनिशी प्लगला असणार. म्हणून तिथून हलवून जमिनीवर, उघड्या लादीवर ठेवलाय. आठवड्यातून एकदा हात फिरवून फुगलाय का बघते.

या महिन्यात आजपर्यंत १७ वेळा लाईट गेली. त्यातल्या ११ वेळा दहा मिनिटांच्या आतल्या. त्या अकराही वेळा पुण्याची जोडणी तुटली नाही. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा पडवीतला दिवा विझला आणि पडद्यावर टॅली तशीच उघडी राहिली, तेव्हा किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही.

२० जूनला खरी परीक्षा झाली. तीन गिऱ्हाइकांचे ३बी भरायचे होते. सहा वाजून दहा मिनिटांनी कडकडाट सुरू झाला, मी प्लग काढला. पाचच मिनिटांत लाईट गेली. दोन रिटर्न भरून झाले. तिसऱ्याच्या आकड्यात फरक येत होता, त्यांच्याशी फोनवर बिलं ताडून बघण्यात वेळ गेला, आणि ८:४० ला एलओएस लाल. केबलवाल्याची बॅटरी संपली होती. माझ्याकडे अजून तासाभराची होती, पण काय उपयोग. मग मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून, छत्री घेऊन खळ्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात उभी राहिले, तिथे दोन कांड्या येतात. ९:२५ ला तिसरा गेला. फायबरवाले दादा, तुम्ही बजावलं नसतंत तर मी यूपीएसच्या भरवशावर निवांत बसले असते. त्या रात्रीपासून नियम केलाय, २० तारखेची कामं १८ लाच संपवायची, आणि मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून ठेवायचं.

सासूबाईंना दापोलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं एक औषध जाळीच्या नेब्युलायझरला बरं नाही म्हणाले, पण स्पेसर लगेच दिला आणि तीन वेळा समोर घ्यायला लावला. सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या, ह्यात वाफ दिसत नाही, म्हणजे औषध जातंय कशावरून? आता रोज सकाळी स्वतः घेतात. लाईटवरचा नेब्युलायझर कपाटात तयार ठेवलाय. नागपूरच्या ताई, तुमचे कसे आभार मानू.

कौलं परतून झाली. माजघर कोरडं आहे.

एकच शंका उरली आहे. पिनेवर हिरवट डाग दिसायला लागलाय. पुसू कशाने?

---

खेडचा वायरमन (३० जून)

खारी हवा, ताई. प्लग काढा, यूपीएसचा खटका बंद करा, मगच पिना उपसा. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल स्पिरिट कापसाच्या काडीला लावून पिना आतून-बाहेरून पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. घासकागद लावू नका, वरचा मुलामा गेला की दुप्पट गंजते. पावसाळाभर महिन्यातून एकदा करा. आणि ते ३ तास ५० मिनिटं डब्याखाली चिठ्ठीवर तारीख घालून चिकटवून ठेवा. पुढच्या मेमध्ये पुन्हा चालवून बघा. अडीच तासांच्या खाली आला तर सेल बदलायला घेऊन या.